वाळू भरलेली गाडी

१६ मे १९५४, चांदा

लढाईत इंग्रजांच्या फौजेसाठी इराणच्या घाटांत गाडी चालवत होतो तेव्हा हवालदाराने सवय लावली. रोज गाडीची नोंद लिहायची, किती मैल झाले, काय मोडले. लढाई संपली, हवालदार कुठे गेला देव जाणे, सवय मात्र माझ्या मानगुटीवर बसून राहिली. आता मैल लिहीत नाही, मनात येईल ते लिहितो. बहीण म्हणते, दादा कोणाशी बोलत नाही म्हणून वहीशी बोलतो. हे साफ खोटे आहे. मी सगळ्यांशी बोलतो, लोकच थकतात.

आज सिरोंच्याहून लाकूड घेऊन आलेल्या एका ड्रायव्हरने निरोप आणला. सुगंधाला सातवा महिना चालू आहे. माझी एकुलती एक लेक, दोन वर्षांपूर्वी मी तिला जिल्ह्याच्या पार टोकाला, गोदावरीच्या काठी दिली. जावई इसरू तिथल्या लाकूड डेपोवर कामाला आहे. मुलगा चांगला, फक्त बोलत नाही. त्याच्या तोंडून वाक्य काढायचे म्हणजे हँडल मारमारून गार इंजिन चालू करायचे.

आशाबाईने लगेच मूग-तांदूळ निवडायला घेतले. ही माझी विधवा बहीण, सुगंधाची आई गेल्यापासून माझे घर हीच पाहते. तिचे म्हणणे, पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे म्हणजे माहेरीच. सातव्यात आणायची, कारण आठव्यात बाईला हलवत नाहीत. मी म्हटले, आणतो. ठेकेदाराची गाडी सिरोंच्याला जायचीच आहे आणि ती मीच चालवतो. मग अडचण कसली?

२४ मे

अडचण ठेकेदाराची. आणि गाडीचीही. मागच्या कमानीचे, म्हणजे स्प्रिंगचे, दोन पाटे तुटले. नवाब मिस्त्रीने नागपुराहून पाटे मागवले आहेत. नवाब माझा जुना दोस्त, तो गाडीखाली झोपून शिव्या देतो आणि मी वर बसून. ठेकेदार म्हणतो, आधी जवळच्या फेऱ्या दुसऱ्या गाडीने संपव, मग सिरोंचा.

मी पोरीचे सांगितले. तो म्हणाला, तिकडे काय बायका बाळंत होत नाहीत? याचे उत्तर जिभेवर आले होते, पण चाकरी आहे. गिळून टाकले.

२ जून

पाटे बसले. ठेकेदाराने हो म्हटले. पण आता आशाबाईचा सूर बदलला. कालपासून आठवा लागला, आता राहू दे म्हणते. मला हसावे की रडावे कळेना. सतरा दिवस माझ्या मागे लागलेली बाई आता माझा हात धरते.

मी तिला नीट समजावले. पाऊस लागला की आलापल्लीच्या पुढचा रस्ता बंद. नाल्यांवर पूल नाहीत, थेट दिवाळीला वाट मोकळी होते. आता नाही आणली तर पोर माहेराविना बाळंत होईल. आई नाही म्हणून माहेरही नाही, असे तिच्या मनात यायला नको.

आशाबाई म्हणाली, "दादा, मी तं चार लोकांच्या बोलण्यासाठी म्हणत होती. आता पोरीसाठी म्हणून राह्यली. नोको आणू."

बायकांचे काही खरे नाही. मी उद्या निघतो.

५ जून, आलापल्ली

नवाब बरोबर आहे. आष्टीला दोन नावा जोडून त्यांवर फळ्या टाकतात, त्यावर गाडी चढवून वैनगंगा ओलांडली. नवाब डोळे मिटून कलमा पुटपुटत होता. इतकी वर्षे मोटारींत गेली, पण पाण्यावर मोटार पाहिली की अजून घाबरतो.

उद्यापासून खरा रस्ता. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला दरी नाही म्हणता येणार, पण गाडी कलंडली तर सागाच्या झाडांतून शोधावी लागेल एवढा उतार आहे. दगड, मुळे, लाकडाच्या गाड्यांनी पाडलेल्या खोल चाकोऱ्या. नव्या ड्रायव्हरांना इथे घाम फुटतो. मला इराण आठवते. रशियाला जाणारा माल आम्ही वर तब्रीझपर्यंत पोचवायचो. एका बाजूला बर्फ, दुसऱ्या बाजूला नुसते आकाश, आणि गाड्यांची रांग इतकी लांब की पुढची दिसू नये. वर रशियन शिपाई माल उतरवून घ्यायचे, एकाने एकदा माझी पाठ थोपटून काळी पावरोटी दिली होती. दगडासारखी होती, पण खाल्ली.

त्याच घाटात मला सुगंधाच्या आईची खबर मिळाली. तापाने गेली होती, खबर पोचेतो महिना उलटला होता. मी त्या दिवशीही गाडी वर नेली. काय करणार होतो? सुगंधा तेव्हा दहा वर्षांची. आईच्या उशाशी ती एकटी होती, आणि मी कुठल्या तरी परक्या मुलखासाठी पिठाची पोती वाहत होतो. म्हणून या वेळी मी पोरीजवळ असणार आहे. हे आशाबाईला सांगता आले नाही. वहीला सांगतो.

८ जून, सिरोंचा

परवा पोचलो. सुगंधा दारात आली, पोट हाताने सावरत. तोंडावर तेज आहे पण पाय सुजले आहेत. मला पाहून हसली आणि मग रडली. पोरी माहेरचे माणूस पाहून रडतातच.

विहीणबाई शकुबाई तोलूनमापून बोलणाऱ्या. जेवण झाल्यावर म्हणाल्या, "भाऊ, तुमचा मान मले समजते. पण दवाखान्यातली नर्सबाई म्हणे, पोट खाली आलं हाये, हलवू नोका. तुमीच इथी राहा. पोरीजवळ राहाचं तं इथी राहा."

मी म्हणालो, नर्स सगळ्यांनाच असे सांगते. चांद्याला मोठा दवाखाना आहे, डॉक्टर आहेत, आत्या आहे. शिवाय गाडी माझ्या हातात आहे. ज्याने बर्फावरून पेट्रोलचे डबे न सांडता नेले, तो आपली लेक नेऊ शकणार नाही? शकुबाईंनी इसरूकडे पाहिले, तो आढ्याकडे पाहत होता.

मग सुगंधालाच विचारले, म्हणजे वाद मिटला. ती चुलीजवळ बसली होती. म्हणाली, "तुमी एवढ्या लांबून आले बाबा. तुमी म्हणता तं चालतो."

झाले. पोरीच्याच मनात होते यायचे. दुपारी तिने मला घर दाखवले, मागची विहीर, तिने लावलेला कारल्याचा वेल, पाळणा टांगायला इसरूने आढ्याला ठोकलेली कडी. मी कडी ओढून पाहिली, चांगली पक्की आहे. परत येशील तेव्हा कामी येईल म्हटले. ती हो म्हणाली आणि बराच वेळ कडीकडे बघत राहिली.

९ जून

आज एक अक्कल लढवली, तिचा मला अभिमान आहे, लिहूनच ठेवतो. ठेकेदाराचे लाकूड डेपोवर अजून मोजलेले नाही, त्यामुळे गाडी रिकामी जाणार. आणि रिकामी गाडी ही गाडी नसते, उधळलेला रेडा असतो. प्रत्येक दगडावर उडते. कमानीला वजन लागते, वजन असले की ती झोका दिल्यासारखी चालते. इराणात जखमी शिपाई खाली आणायचे असले की आम्ही गाडीत आधी वाळू भरायचो.

तर गोदावरीची वाळू भरली. इसरू, त्याचे दोन सोबती आणि नवाब घमेली टाकत होते. कमरेच्या खाली भरेल इतकी. त्यावर तणस, त्यावर गादी, वरून ताडपत्री. मी स्वतः आडवा होऊन पाहिले. नवाबने एकदा विचारले, "और नाल्याचं काय सोमाजी? वजनाने बसली तं?" मी म्हटले, येताना सगळे नाले कोरडे ठणठणीत होते, आभाळ तर बघ. त्याने बघितले. त्याला पटले.

इसरू सगळ्यांत जास्त राबला. शेवटी दोन्ही हातांनी वाळू सारखी करत बसला होता. एक खडा राहू दिला नाही.

शकुबाईंनी सुगंधाची ओटी भरली. उद्या उजाडता निघायचे.

१२ जून, नाल्याकाठचे गाव

लिहायला पाहिजे.

परवा सकाळी निघालो. वाळूने काम चोख केले. एवढ्या वाईट रस्त्यावर गाडी अशी शांत चालली की मी मधूनमधून थांबून विचारायचो आणि सुगंधा आतून म्हणायची, ठीक आहे बाबा. शकुबाईंचे बरोबर की माझे, असे मी नवाबला म्हणालो सुद्धा.

घाटाखाली होतो तेव्हा आभाळ भरून आले. घाट चढताना पाऊस लागला, तो वळवाचा नव्हता. ताडपत्रीने पोर कोरडी राहिली, पण पाणी कडेने आत उतरत होते आणि वाळू ते पीत होती. गाडी चढाला जड लागली. मला वाटले इंजिन दमले. दोनदा थांबून रेडिएटरमध्ये पाणी घातले. मागे एकदाही हात घालून पाहिले नाही.

घाट उतरलो तर पुढे नाला. येताना त्यातून धूळ उडवत गेलो होतो. आता गुडघ्याला पाणी. मी उतरून पायी पलीकडे जाऊन आलो, खाली पाय रुतत नव्हते. रिकामी गाडी असती तर निघाली असती, हे आता नवाब आणि मी दोघेही जाणतो. मधोमध मागची चाके बसली. मी जोर केला, आणखी बसली. पाणी वाढत होते.

नवाब आणि मी फावड्याने वाळू उपसू लागलो. एवढी भरायला चार माणसे होती. ओली वाळू फावड्यावरून सुटत नव्हती. सुगंधाला आधी उचलून काठावर नेऊन मोहाच्या झाडाखाली बसवले. ती म्हणाली, दुखून राह्यलं. मी म्हणालो, भिजल्यामुळे असेल. मी असे म्हणालो.

नवाब गावाकडे पळाला. गोंडांची पाच-सात घरे. एक म्हातारी आली, बुधरी नावाची, आणि चार माणसे खाट घेऊन. त्यांनी सुगंधाला गुरांच्या मांडवात नेले, कारण बाळंतीण त्यांच्यात घरात घेत नाहीत. बुधरीला आमची बोली येत नव्हती. तिने पोटाला हात लावला आणि माझ्याकडे बघून मान हलवली. मग मला बाहेर जायची खूण केली.

मी बाहेर पावसात उभा राहिलो. पोरीचे ओरडणे ऐकू येत होते. इराणच्या वेळेला मी निदान ऐकले तरी नव्हते. काल उजाडता उजाडता ओरडणे थांबले. मी वाट पाहिली की आता दुसरे रडणे येईल. नाही आले.

मुलगा होता. पूर्ण होता, डोक्यावर केस होते. नखेसुद्धा होती.

नवाबने खड्डा खणला. मी त्याला मोहाजवळ ठेवला. नवाब त्याच्या पद्धतीने काही म्हणाला, मी माझ्या पद्धतीने काही म्हणू शकलो नाही. लेक जगली, एवढे देवाने ठेवले. बुधरी तिला पेज पाजते आहे.

१३ जून

नाला उतरला. गावच्या लोकांनी हल्ये, म्हणजे रेडे, लावून गाडी मागे, सिरोंच्याच्या काठाला ओढून काढली. वाळू सगळी नाल्यात गेली.

मी सुगंधाला म्हणालो, एक दिवस थांबू, पुढचे नाले उतरले की चांद्याला जाऊ. आत्या वाट पाहत असेल. ती मांडवाच्या कुडाला टेकून बसली होती. म्हणाली, "चांद्याले नाई बाबा. मले माह्या घरी नेऊन द्या, सिरोंच्याले."

मी म्हणालो, तुझ्याच मनात होते ना यायचे? तिने पदर सावरला. मग म्हणाली, "माह्या मनात नव्हतं. नर्सबाईले मी शब्द देला होता, हलणार नाई म्हून. पण तुमी दारात उभे होते, आईच्या वक्ताले येता नाई आलं ते तुमच्या तोंडावर दिसत होतं. मले नाई म्हणता नाई आलं."

तिला सगळे माहीत होते. मी वहीला सांगितले ते, न सांगितलेले सुद्धा. आणि माझ्यासाठी ती गाडीत चढली. मी तिच्यासाठी गेलो होतो असे समजत होतो.

१४ जून, सिरोंचा

पोचलो. परतीला गाडी रिकामी होती. मी चालत्या माणसापेक्षा हळू चालवली, प्रत्येक दगड चुकवला. नवाब पुढे चालत दगड बाजूला करत होता. तरी गाडी उडायची ती उडतच होती. घाटात सुगंधाने मागून फळीवर थाप मारली. मी थांबून मागे गेलो.

"आता हळू काऊन चालवून राह्यले?" ती म्हणाली. चिडून नाही, नुसते विचारले.

मी परत येऊन बसलो आणि नेहमीसारखी चालवली. नवाब रडत होता. मला रडू आले नाही, रस्ता बघावा लागतो.

शकुबाई अंगणात उभ्या होत्या. गाडी माघारी आलेली पाहूनच त्यांना कळले. त्यांनी मला एक शब्द लावला नाही. पोरीला दोन्ही हातांनी धरून आत नेले. इसरूने विचारले, कुठी ठेवलं? मी सांगितले, मोहाजवळ. तो तसाच निघाला, पायी. मी म्हणालो गाडीने नेतो. त्याने ऐकले नाही.

१६ जून

आज सकाळी जरा बरे वाटले. शकुबाई आपणहून माझ्याशी बोलल्या. म्हणाल्या, "भाऊ, मोगऱ्याची फुलं आणता का? जेवढी भेटतीन तेवढी. पोरीसाठी पाहिजे."

मला इतका आनंद झाला की काय सांगू. पोरीला फुले हवीशी वाटली. दोन दिवस ती भिंतीकडे तोंड करून पडून आहे, काही घेत नाही. आता वेणी माळावीशी वाटली तर मन ताळ्यावर येते आहे. मी टॉवेल खांद्यावर टाकून निघालो.

नदीकडच्या तेलंगी घरांच्या अंगणांत मोगरे आहेत. पहिल्या घरी बाईने विचारले, लग्न आहे का कोणाकडे? मी म्हणालो, लेकीसाठी. तिने हसून ओंजळभर दिली. दुसऱ्या घरीही तसेच. मीही त्यांच्याशी चार गोष्टी बोललो, बऱ्याच दिवसांनी. तिसऱ्या घरी एक म्हातारी होती. तिला मोडकी मराठी येत होती. मी म्हणालो, लेक बाळंत झाली. ती म्हणाली, बाळ कसे आहे? मी मान हलवली. मग ती उठली आणि तिने सगळे झाड ओरबाडले, उमललेली, न उमललेली, कळ्यासुद्धा. शेजारणीला हाक मारून तिचे झाडही रिकामे करायला लावले. भला मुलूख आहे, असे माझ्या मनात आले.

टॉवेल भरून घरी आलो. शकुबाई ओसरीवर जुन्या लुगड्याच्या लांब पट्ट्या फाडत बसल्या होत्या. मी फुले पुढे केली आणि म्हणालो, दोरा आणून देऊ का, वेणीला?

त्यांनी माझ्याकडे पाहिले. पहिल्यांदाच त्यांचे डोळे भरलेले दिसले.

"डोक्यात नाई माळाची, भाऊ. पोरीले दूध आलं. छाती दगडावानी झाली, ताप भरून राह्यला. फुलं छातीवर बांधून ठेवली का दूध आटते. आमच्या इकडे असंच करते."

त्या फुले घेऊन आत गेल्या आणि दार लोटले. मी ओसरीवर बसलो. आतून मोगऱ्याचा वास येत होता, सगळे घर भरून गेले होते. सुगंधा एकदा कण्हली. मग शकुबाई तिला म्हणाल्या, थोडं घट्ट बांधतो, सोस माय. ती म्हणाली, बांधा.

आत्तापर्यंत जे आवरले होते ते तिथे आवरले नाही. काल रात्री मोहाजवळून परतलेला इसरू विहिरीवरून पाणी घेऊन येत होता, तो बादली ठेवून माझ्याजवळ बसून राहिला.

संध्याकाळी शकुबाई सांगून गेल्या की फुले कोमेजली की काम करत नाहीत, रोज ताजी लागतात. नदीकडची झाडे मी आजच रिकामी केली आहेत. उद्या बाजाराच्या पलीकडे जाऊन पाहीन.